विमानातला यूएसबी चार्जर: वॉट नंतर मोजा, आधी रेडिओ ऐका

लहान विमानाच्या पॅनेलवर, थ्रॉटलच्या आसपास कुठेतरी, गाडीत असतं तसंच एक गोल भोक असतं. सिगरेट लायटरचं. सिगरेटी कॉकपिटमधून कधीच्या गेल्या, भोक तेवढं राहिलं. आता त्यात यूएसबी चार्जर जातो आणि चार्जरला आयपॅड लागतो, कारण नकाशे, हवामान, विमानतळांचे आराखडे हे सगळं कागदावरून उठून आयपॅडवर येऊन बसलंय. घोळ इथूनच सुरू होतो. भोक गाडीसारखं, चार्जर गाडीचा, बसतोही अगदी नीट. मग आपण धरून चालतो की पुढचंही सगळं गाडीसारखंच असणार.

मी ओहायोत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी एका फ्लाइंग क्लबचं जुनं सेस्ना १७२ उडवतो. मागच्या उन्हाळ्यात सांगलीहून मामा आले होते. मक्याची शेतं वरून दाखवावीत म्हणून त्यांना घेऊन गेलो. अर्ध्या वाटेत मामा हेडसेटवर म्हणाले, "अरे, माझा फोन चार टक्क्यांवर आलाय. हे इथं लावू का?" भाड्याच्या गाडीत मिळालेला चार्जर त्यांच्या खिशातच होता. मी बाहेर बघत होतो, नुसती मान हलवली.

चार्जरचा निळा दिवा लागला. कोलंबस अप्रोचचा, म्हणजे विमानतळाजवळच्या विमानांना रेडिओवरून वाट दाखवणाऱ्या कक्षाचा, कंट्रोलर बोलत होता, त्याच्या आवाजावर हळूहळू खरखर चढली. मी आधी व्हॉल्यूम वाढवला. मग हेडसेटची पिन फिरवून पाहिली. मग दुसऱ्या रेडिओवर गेलो, तिथेही तेच. एवढं सगळं करेपर्यंत त्या निळ्या दिव्याकडे माझं लक्ष गेलं नाही, याची अजून लाज वाटते.

"मामा, तो चार्जर काढा जरा."

"का रे? आत्ताशी सहा टक्के झालंय."

"काढा ना."

काढला. शेजारच्या घरातला मिक्सर बंद व्हावा तशी खरखर एकदम थांबली, आणि कंट्रोलर माझाच कॉल-साइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, पुन्हा पुन्हा घेतोय हे स्वच्छ ऐकू आलं.

तेव्हापासून क्लबमध्ये कुणी "विमानासाठी चार्जर कुठला घेऊ?" असं विचारलं, की मी वॉटचं काही बोलतच नाही. आधी दोन प्रश्न विचारतो: तुमच्या विमानात किती व्होल्ट येतात? आणि तो चार्जर लावल्यावर रेडिओ ऐकलात का?

एकाच भोकात दोन व्होल्टेज

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते, आणि इंजिन चालू झालं की अल्टरनेटर ती साधारण १४ व्होल्टवर ठेवतो. जुनी सेस्ना १७२ विमानंही अशीच १४ व्होल्टची. हे मॉडेल १९५६ पासूनचं, पण १९७८ च्या आवृत्तीपासून त्यात २४ व्होल्टची बॅटरी आली, म्हणजे उडताना २८ व्होल्ट. १९८६ मध्ये उत्पादन थांबलं, १९९६ मध्ये परत सुरू झालं. नवी विमानंही २८ व्होल्टवरच चालतात, पण त्यांतल्या पुष्कळ विमानांत पॅनेलमागे व्होल्टेज उतरवणारी पेटी असते आणि सॉकेटपर्यंत १२ व्होल्टच पोचतात. म्हणजे एकाच रांगेत उभ्या असलेल्या, दिसायला सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन विमानांत भोक तेच आणि व्होल्टेज दुप्पट, असं सहज होतं. सॉकेटशेजारचं लेबल वाचा, विमानाचं हँडबुक उघडा, आणि दोन्हींवरून कळलं नाही तर मेकॅनिकला मल्टिमीटर लावायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

निव्वळ १२ व्होल्टचा चार्जर २८ व्होल्टवर लावला तर तो बिघडणार हे उघड आहे. खरी फसगत '१२/२४' लिहिलेल्या चार्जरमध्ये असते. हे २४ ट्रकचे. ट्रकमध्येही चालू इंजिनावर २८ च्या आसपास व्होल्ट येतात, त्यामुळे प्रामाणिकपणे बनवलेला चार्जर टिकतो. पण स्वस्त चार्जरच्या तोंडाशी कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग) बसवलेला असतो २५ व्होल्टचा, कारण डबीवर २४ लिहिलंय ना! असा कपॅसिटर लगेच फुटत नाही. तो तापतो, त्याचं डोकं फुगतं, आणि एखाद्या दिवशी कॉकपिटमध्ये जळका वास येतो. घरात असा वास आला तर आपण मेन स्विच पाडतो आणि खिडक्या उघडतो. तीन हजार फुटांवर मेन स्विच पाडणं म्हणजे रेडिओही बंद. म्हणून डबीवर '१० ते ३२' किंवा '९ ते ३६ व्होल्ट' असा सरळ आकडा असेल तरच घ्यावा.

खरखर येते कुठून

२८ व्होल्ट आत जातात आणि ५ बाहेर येतात. मधल्या २३ व्होल्टचं करायचं काय?

सरळ उपाय म्हणजे ते उष्णतेत जाळायचे. आयपॅडने २ अँपिअर घेतले तर त्याला मिळतात १० वॉट आणि जळतात २३ गुणिले २, म्हणजे ४६ वॉट. घरी वापरायची सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटची असते. तशा जवळजवळ दोन, काड्यापेटीएवढ्या डबीत. अर्थात असं कुणी करत नाही.

त्याऐवजी चार्जर वीज तुकड्या-तुकड्यांनी घेतो. गच्चीवरच्या टाकीतून जोरात पाणी येतंय आणि तुम्हाला खाली संथ, एकसारखी धार हवी आहे असं समजा. तोटी अर्धवट पिळण्याऐवजी कुणीतरी ती पटापट पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद करतो. मध्ये एक छोटी टाकी ठेवलेली असते, ती हे सगळे हिसके पोटात घेते आणि खालून शांत धार सोडते. पाणी वाया जात नाही, काही तापत नाही. चार्जरमध्ये ही तोटी सेकंदाला काही लाख वेळा उघडते-मिटते. याला स्विचिंग म्हणतात, आणि आजचे जवळपास सगळे चार्जर असेच असतात.

आता जुन्या चाळीतला नळ आठवा. झटकन बंद केला की भिंतीतला पाइप 'धाड्' करून वाजतो, आणि तो आवाज तुमच्यापुरता राहत नाही, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडालाही ऐकू जातो. चार्जरची तोटी मिटते तेव्हा विजेतही असाच धक्का बसतो. सेकंदाला ३ लाख धक्के, म्हणजे ३०० किलोहर्ट्झ. धक्का जितका टोकदार, तितके त्याचे पडसाद वरच्या पटींमध्ये लांबवर जातात: ६००, ९००, असं करत चारशेव्या पटीला येतात १२० मेगाहर्ट्झ. आणि विमानांचं बोलणं चालतं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात. पडसाद तिथवर जाताना क्षीण होतात हे खरं, पण कंट्रोलरचा आवाज तीस-चाळीस मैलांवरून येतोय आणि चार्जर अँटेनापासून हातभर अंतरावर. सेस्नाच्या रेडिओच्या अँटेना तुमच्या डोक्यावर, पंखाच्या छतावर असतात.

त्यात तारेची भर पडते. १२५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.४ मीटर. तिचा चौथा भाग ६० सेंटीमीटर, निम्मा १.२ मीटर. बाजारात चार्जिंग केबल साधारण याच मापांत मिळतात! म्हणजे आपण चार्जरला विमानाच्या पट्ट्यासाठी जवळजवळ बेतून कापलेली अँटेना जोडतो आणि ती मांडीवर पसरून ठेवतो.

हाच चार्जर गाडीत निमूट का असतो? गाडीतला रेडिओ एफएम असतो, आणि एफएम अशा खरखरीकडे बरंचसं दुर्लक्ष करतो. विमानं आजही एएमवर बोलतात. लहानपणी वळवाच्या पावसाआधी मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावलेली असेल, तर वीज चमकली की रेडिओ कसा कडकडायचा ते आठवेल. तो एएमचा स्वभाव. मग विमानांनी एफएम का घेतलं नाही? एएमवर दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि कंट्रोलरला कळतं की दोघं आहेत. एफएममध्ये जोरकस सिग्नल दुसऱ्याला पार गिळून टाकतो, आणि दुसरा होता हेही कुणाला कळत नाही.

ही खरखर थोपवणं अवघड मुळीच नाही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटेवर एकेक कॉइल, योग्य जागी कपॅसिटर, वरून धातूचं कवच, आणि तोटी जरा हळू मिटवायची. पण यांतलं काहीही गाळलं तरी फोन चार्ज होतोच. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, मग कारखाना रुपया-दोन रुपये कशाला घालवेल? डबीवरचा एफसीसीचा, म्हणजे रेडिओचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, शिक्काही इथं फारसा कामाचा नाही. ती मर्यादा घरगुती वापरासाठी, तीन मीटर अंतरावरून मोजलेली. कॉकपिटमध्ये तीन मीटर आणायचे कुठून?

हे दुखणं फक्त विमानाचं नाही. २०१८ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने बोटवाल्यांना सावध केलं होतं की एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ बहिरा होऊ शकतो. त्या दिव्यांच्या आतही हीच उघडमीट चाललेली असते.

कानाने घ्यायची परीक्षा

तटरक्षक दलाने तेव्हा जी चाचणी सुचवली होती, तीच थोड्या फरकाने विमानात चालते. पैसे पडत नाहीत.

विमान जमिनीवर, इंजिन बंद, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) आणि रेडिओ चालू. शांत फ्रिक्वेन्सी लावा. स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना रेडिओला गप्प ठेवणारा पहारेकरी, खरखर जेमतेम थांबेल इतपत ठेवा. आता चार्जर लावा. पहारेकरी ढळला आणि आवाज आला, तर चार्जर नापास. नाही आला तर फोन किंवा आयपॅड जोडून परत ऐका. इथं एक खाच आहे: आयपॅड भरलेला असेल तर तो वीजच घेत नाही, आणि चार्जर साळसूद वाटतो. मामांचा फोन चार टक्क्यांवर होता म्हणूनच त्या चार्जरने आपलं खरं रूप दाखवलं. तेव्हा परीक्षेला उपाशी आयपॅड न्या.

मग फ्रिक्वेन्सी बदलत जा: टॉवर, ग्राउंड, अप्रोच, नेहमीचा एटिस (विमानतळाची सतत वाजणारी ध्वनिमुद्रित माहिती), आणीबाणीची १२१.५. पडसाद पटींमध्ये येतात, त्यामुळे चार्जर एका फ्रिक्वेन्सीवर अगदी शहाणा आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर उधळलेला, असं होऊ शकतं. दूरच्या विमानतळाचा एटिस पुसट ऐकू येत असेल तर तो फार उपयोगी. ती पुसट बडबड चार्जर लावल्यावर बुडाली, म्हणजे रेडिओ बहिरा होतोय, मग खरखर ऐकू येवो न येवो. व्हीओआरची, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणाऱ्या यंत्राची, सुई आणि जीपीएसच्या उपग्रहांच्या दांड्याही एकदा पाहून घ्या. शेवटी हे सगळं इंजिन चालू असताना पुन्हा करायचं, कारण पूर्ण १४ किंवा २८ व्होल्ट तेव्हाच येतात.

चार्जर थोडक्यात नापास झाला तर फेराइटची चिमटी लावून पाहता येते. लॅपटॉपच्या तारेवर जो काळा गठ्ठा दिसतो, तोच. उघडून तारेवर चढवायची, तीही चार्जरच्या अगदी तोंडाशी. तार त्यातून एकदा नेण्यापेक्षा दोन-तीन वेढे घेतले तर परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे तीन वेढ्यांना जवळपास नऊपट. पण मुळातच गोंगाट करणारा चार्जर चिमट्यांनी सुधारत नाही. तो गाडीत ठेवा, तिथं तो सुखाने नांदेल.

वॉट

आता वॉट. साधं यूएसबी ५ व्होल्टचं. संगणकाच्या जुन्या पोर्टमधून त्यावर अर्धा अँपिअर मिळायचा, म्हणजे अडीच वॉट. फोनचे जुने चार्जर ५ वॉटचे, आयपॅडचे १० आणि १२ चे. उन्हात पूर्ण उजेडावर, जीपीएस चालू ठेवून नकाशा दाखवणारा आयपॅड ५ वॉटवर लावला तर चार्जिंगची खूण दिसते आणि टक्के मात्र उतरतच जातात. १२ वॉटवर तो टिकतो, २० वॉटवर भरतोही.

यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) असेल तर चार्जर आणि यंत्र आधी आपसांत बोलतात. सुरुवात ५ व्होल्टनेच होते, मग यंत्र मागेल तसे ९, १५ किंवा २० व्होल्ट मिळतात. त्यामुळे मोठ्या चार्जरने छोटा फोन जळत नाही. विमानावरचा भारही किरकोळ असतो: २० वॉटसाठी २८ व्होल्टच्या विमानातून एक अँपिअरही जात नाही. पण १०० वॉटचा चार्जर घेऊन लॅपटॉप लावायचा विचार असेल, तर १४ व्होल्टच्या विमानात तो आठ अँपिअर ओढेल. त्या भोकाची जुनी वायर आणि फ्यूज किती सोसतात हे आधी विचारा. आणि जास्त वॉट म्हणजे बहुधा जास्त गोंगाट. मला विचाराल तर एका पोर्टला २० ते ३० वॉट कॉकपिटला पुरे.

जास्त वेगाने चार्ज करण्यात आणखी एक तोटा आहे. ॲपल आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतं. काचेखाली, उन्हात, योकवर (विमान वळवायच्या हँडलवर) अडकवलेला आयपॅड तसाच तापलेला असतो. त्यात चार्जिंगची ऊब मिळाली की तो नकाशा मिटवून तापमानाची सूचना दाखवतो. मी निघताना आयपॅड पूर्ण भरून निघतो आणि वर गेल्यावर सावलीत असतानाच तार जोडतो.

तारेबद्दलही सांगायला हवं. उड्डाणाआधी योक दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून आणि मागे-पुढे ओढून बघतात, तेव्हा तार जोडलेली असू द्या. एकदा माझ्या केबलचा फास योकच्या दांड्यात असा बसला की डावीकडे पूर्ण वळत होतं आणि उजवीकडे मध्येच अडलं. आखूड, काटकोनी तोंडाची केबल घेतल्यापासून तो प्रश्न मिटला. आयपॅडच्या कव्हरमधलं लोहचुंबक काचेवरच्या होकायंत्राला वेड लावतं, तेही बघून ठेवा. रात्री उडणाऱ्यांनी चार्जरच्या निळ्या दिव्यावर काळी टेप चिकटवावी.

कायदा आणि कायमची सोय

अमेरिकेत अशा वस्तूंचा नियम ९१.२१ या कलमात आहे. खासगी विमानात उपकरणांच्या भरवशावर, म्हणजे आयएफआर उडताना, एखादं बाहेरचं यंत्र त्रास देत नाही हे ठरवायची जबाबदारी वैमानिकावर टाकलेली आहे. काही वस्तूंना मात्र नावानिशी मोकळीक आहे: श्रवणयंत्र, पेसमेकर आणि विजेवर चालणारा दाढीचा रेझर! आयपॅडची परीक्षा घ्यायची, दाढी मात्र बिनधास्त करायची. बारामती, धुळे, शिरपूर किंवा गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकणाऱ्यांनी आधी आपल्या स्कूलचा नियम विचारावा. तिथं विमान तुमचं नसतं आणि निर्णयही तुमचा नसतो.

विमान स्वतःचं असेल तर भोकातला चार्जर सोडून पॅनेलमध्ये पक्का बसवलेला घेणं सगळ्यात बरं. ट्रू ब्लू पॉवर, स्ट्रॅटस पॉवर, गार्मिनचा जीएसबी १५ हे १४ आणि २८ दोन्ही व्होल्टवर चालणारे चार्जर. विमानाच्या उपकरणांसाठी डीओ-१६० नावाची कसोटी आहे; तिच्यात व्होल्टेजचे झटके, कंप, उष्णता आणि रेडिओचा गोंगाट हे सगळं तपासतात. किंमत गाडीच्या चार्जरच्या कितीतरी पट, शिवाय मेकॅनिकची मजुरी आणि लॉगबुकातली नोंद. हा खर्च जिवावर येतो, पण त्या पैशात चार्जिंग विकत मिळत नाही, शांतता मिळते.

आमच्यासारख्या भाडेकरूंना पॅनेलला हात लावता येत नाही. त्यांनी पॉवर बँक ठेवावी. विमानाच्या वायरिंगशी तिचा संबंधच नसतो, त्यामुळे खरखरीची निम्मी वाट आपोआप बंद होते. उरलेली निम्मी राहते, कारण तिच्याही आत ३.७ व्होल्टचे ५ करायला तीच उघडमीट चालते. तेव्हा पॉवर बँकेचीही कानाने परीक्षा घ्यायची. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची, दिवसभराच्या उड्डाणाला भरपूर. फक्त ती डॅशबोर्डवर उन्हात ठेवायची नाही, आणि कुणाचाही हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात तर नाहीच. लिथियमची बॅटरी तापायला लागली तर ती हाताला लागली पाहिजे.

माझ्या बॅगेत सध्या एक चार्जर आहे, त्याच्यावर मार्करने क्लबच्या विमानाचा नंबर घातलाय. त्या विमानात तो पास झालाय, शेजारच्या विमानात दोन फ्रिक्वेन्सींवर नापास. अँटेनाची जागा बदलते, वायरिंगचं वय बदलतं, निकालही बदलतो. आणि पाहुणे बसले की पट्टे बांधायच्या आधी मी विचारतो, "फोन किती टक्के आहे?"